सातबारा वाचणारी इंटर्न

वसईच्या न्यायालयात इंटर्नला काम शोधावं लागत नाही. काम त्याला शोधत येतं. सकाळी बोर्ड लागला की आपली प्रकरणं कितव्या क्रमांकावर आहेत ते टिपायचं, नकलेचा अर्ज द्यायचा, कोर्ट फी स्टॅम्प आणायचे, साक्षीदार उगवला नाही तर त्याला फोन लावत बसायचं. आणि दुपारी उन्हातून आलेल्या पक्षकाराला ‘पुढची तारीख पडली’ हे अशा बेतानं सांगायचं, की तो चिडणारही नाही आणि खचणारही नाही. मी या न्यायालयात दिवाणी वकिली करते. माझ्या माणिकपूरच्या कार्यालयात सुट्टीत एखाददुसरा विद्यार्थी येऊन बसतोच. त्या सगळ्यांत चिवट निघाली ती माझी भाची.

ती नालासोपारा पूर्वेला, आचोळे रोडवर राहते आणि मुंबईतल्या एका कॉलेजात पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम करते. आई, म्हणजे माझी ताई, शिवणकाम करते. वडील गोरेगावच्या एका कंपनीत स्टोअरकीपर आहेत. घरात वकील म्हणजे मी एकटी, तीही ‘तालुक्याच्या कोर्टातली’. ही पदवी तिच्या एका वर्गमैत्रिणीनं मला बहाल केलेली. त्या मैत्रिणीचे काका फोर्टमध्ये सॉलिसिटर आहेत. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत ती थेट त्यांच्या कार्यालयात बसायला गेली. अर्ज नाही, मुलाखत नाही. भाचीनं तेव्हाच ठरवलं की आपल्यालाही मोठ्या फर्ममध्ये जायचं, पण अर्ज करून.

इंटर्नशिप ही हौसेची बाब राहिलेली नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या कायदा शिक्षण नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप करावीच लागते. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही, आणि संपूर्ण शिक्षणात एकदा तरी खटले चालवणाऱ्या आणि अपिलं लढवणाऱ्या वकिलांकडे बसावं लागतं. बाकीचे आठवडे स्वयंसेवी संस्था, न्यायाधीश, कंपनी, स्थानिक स्वराज्य संस्था, लॉ फर्म अशा कुठंही चालतात. नियम लिहिणाऱ्यांनी आठवडे मोजून दिले. जागा कशा मिळवायच्या ते मात्र ज्याचं त्यानं बघायचं.

मुंबईत या जागांचा इतिहास जुना आहे. क्रॉफर्ड बेली १८३० पासूनची, लिटल अँड कंपनी १८५६ ची, मुल्ला अँड मुल्ला १८९५ ची. या फर्मच्या दारातून आत जायची वाट ‘आर्टिकल्ड क्लार्क’ होऊन तीन वर्षं उमेदवारी करण्याची होती. बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटी ही १८९४ ची संस्था सॉलिसिटरची परीक्षा आजही घेते. उमेदवारीला घेणारा सॉलिसिटर बहुधा ओळखीचा, नात्यातला किंवा जातीतला असे. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत तर १९७० च्या दशकापर्यंत सॉलिसिटरनं काम दिल्याशिवाय वकिलाला उभंच राहता येत नव्हतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली तेव्हा न्यूयॉर्क आणि लंडनच्या पदव्या त्यांच्या पाठीशी होत्या, तरी सॉलिसिटर मंडळी त्यांच्याकडे काम द्यायला कचरत. ओळखीचा हा उंबरठा आज अर्जाच्या ऑनलाइन फॉर्मनं थोडा झिजवला आहे, हे मान्य करायला हवं. अमरचंद मंगलदासच्या २०१५ च्या वाटणीतून निघालेल्या दोन फर्म असोत, खेतान असो की ट्रायलीगल, अर्ज कोणीही करू शकतो. फॉर्म भरायला काकांची गरज लागत नाही. फॉर्मनंतर काय होतं, तो भाग वेगळा.

भाचीचा पहिला बायोडेटा मी पाहिला तेव्हा तो दोन पानी होता. वर पासपोर्ट आकाराचा फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव. छंद: वाचन आणि प्रवास. शेवटी ‘वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे’ असं प्रतिज्ञापत्र आणि खाली सही. सुरुवातीला ‘आव्हानात्मक वातावरणात काम करून स्वतःचा विकास साधणे’ हे उद्दिष्ट. मी विचारलं, “हे कोणी लिहिलंय?” ती म्हणाली, “सगळे असंच लिहितात, मावशी.” तिथंच गोम होती. भरती पाहणाऱ्या माणसापुढे असे शेकड्यांनी कागद असतात आणि तो प्रत्येकाला जेमतेम मिनिटभर देतो. त्या मिनिटात वाचन आणि प्रवास वाचून त्यानं काय करायचं?

दुसऱ्या पानाच्या तळाशी एक ओळ होती: ‘वसई येथील वकिलांकडे काम, संशोधन व मसुदालेखन.’ मी तिला म्हटलं, या ओळीत तू नेमकं काय केलंस ते मला तोंडी सांग. मग ती बोलायला लागली. वाडीची एक जमीन, तीन पिढ्यांची. तिनं दुय्यम निबंधक कार्यालयातून ३० वर्षांचा सर्च काढला होता, इंडेक्स टूच्या नोंदी तारखेनं लावल्या होत्या, सातबाऱ्यावरचा प्रत्येक फेरफार मागे मागे नेत वाचला होता. त्यात एका वारसनोंदीत चार भावंडांपैकी दोन बहिणींची नावं गायब असल्याचं तिला दिसलं होतं. भावांनी पुढं ती जमीन विकायला काढली तेव्हा हा प्रश्न उभा राहिला. हे सगळं तिनं ‘संशोधन व मसुदालेखन’ या तीन शब्दांत गाडून टाकलं होतं.

नवा बायोडेटा एका पानाचा झाला. फोटो गेला, छंद गेले, प्रतिज्ञापत्र गेलं. वर शिक्षण आणि गुण, मग मूट कोर्ट, मग एक प्रसिद्ध झालेलं टिपण. वसईच्या कामाला चार ओळी मिळाल्या: कोणत्या कायद्याखाली, कोणती कागदपत्रं तपासली, काय सापडलं, त्याचं पुढं काय झालं. पक्षकाराचं नाव नाही, गावाचंही नाही. सोबतचं पत्र तिनं आधी चॅटजीपीटीकडून लिहून घेतलं होतं. इंग्रजी गुळगुळीत होतं आणि त्यात ती कुठंच नव्हती. शिवाय न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली काय झालं ते मी तिला सांगितलं: एव्हियान्का विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयापुढे ठेवले आणि ५,००० डॉलरचा दंड भरला. पत्र तिनं पुन्हा लिहिलं. तीन परिच्छेद: मी कोण, तुमच्या स्थावर मालमत्ता विभागातच का, आणि कोणत्या महिन्यात मोकळी आहे.

‘स्थावर मालमत्ताच का’ याचं उत्तर तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. नालासोपारा पूर्वेच्या अग्रवालनगरी भागातल्या ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानं पाडल्या गेल्या. शेवटचं मोठं पाडकाम २०२५ च्या सुरुवातीला झालं. सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी आरक्षित असलेल्या भूखंडावर त्या उभ्या राहिल्या होत्या. सुमारे अडीच हजार कुटुंबं रस्त्यावर आली. कॉलेजात ‘टायटल’ आणि ‘ड्यू डिलिजन्स’ हे शब्द ती पाठ करत होती त्याच वर्षी, घर घेताना सातबारा, आरक्षण, बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र न पाहण्याची किंमत काय असते ते ती आचोळे रोडवरून रोज येता-जाता बघत होती. टेम्पोत चढवलेली कपाटं, भिंतीतून उपटून काढलेली वीजमीटरं. हे तिनं पत्रात दोनच वाक्यांत लिहिलं, गळा न काढता. तेच योग्य होतं.

अर्ज गेले. मग शांतता. बहुतेक ठिकाणांहून पोचही येत नाही. काही फर्म सहा-सहा महिने आधी जागा भरून टाकतात, हे अनेक विद्यार्थ्यांना उशिरा कळतं. काही फक्त ठरावीक राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या भरती समितीमार्फतच नावं घेतात. मुंबईत महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ २०१४ मध्ये स्थापन झालं, पण तिथं शिरायला क्लॅट ही परीक्षा, तिचे क्लास, त्या क्लासची फी. प्राध्यापक शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये सुरू केलेला ‘आयडिया’ हा उपक्रम वंचित घरांतल्या मुलांना या परीक्षेसाठी तयार करतो, तो याच कारणानं. भाची त्या वाटेनं गेलेली नव्हती. तिच्या कॉलेजात भरती समिती नावापुरतीच होती.

पहिलं उत्तर आलं ते रेकॉर्ड केलेल्या मुलाखतीचं. समोर माणूस नाही. पडद्यावर प्रश्न उमटतो, विचार करायला अर्धं मिनिट मिळतं, मग कॅमेरा सुरू होतो आणि दोन मिनिटांत उत्तर द्यायचं. परदेशांत ही पद्धत रुळलेली आहे. अमेरिकेतली हायरव्ह्यू ही कंपनी २००४ पासून हा धंदा करते. उमेदवाराच्या चेहऱ्यावरच्या हालचाली संगणकानं मोजण्याचा प्रकार टीका झाल्यावर सोडून दिल्याचं तिनं २०२१ मध्ये जाहीर केलं. इलिनॉय राज्यानं तर २०२० पासून असा कायदाच लागू केला, की मुलाखतीचं चित्रण कृत्रिम बुद्धिमत्तेनं तपासणार असाल तर उमेदवाराला आधी सांगा आणि त्याची संमती घ्या. भाचीनं ती मुलाखत घरून दिली. तिसऱ्या प्रश्नाला शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या, चौथ्याला खालून भंगारवाल्याचा भोंगा. पुन्हा रेकॉर्ड करायची सोय नव्हती. नकाराचं पत्र आलं, कारण दिलेलं नव्हतं. कुकरमुळे नकार आला असं मी म्हणणार नाही. पण ज्या मुलीच्या घराला दार लावून बसता येईल अशी खोली आहे, तिला त्या दोन मिनिटांत फक्त प्रश्नाचाच विचार करायचा असतो.

दुसऱ्या फर्मचा मेल आला तेव्हा मुलाखत समोरासमोरची होती, म्हणजे पडद्यावरच, पण पलीकडे माणसं. ती माझ्या कार्यालयातून द्यायची असं ठरलं. तिथं इन्व्हर्टर आहे, ही मुख्य गोष्ट. वसईत पावसाळ्यात वीज म्हणजे महावितरणची मर्जी आणि पाण्याची मेहेरबानी. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, उपकेंद्रात पाणी शिरलं आणि शहराचे मोठे भाग अंधारात बसले, हे इथं कोणी विसरलेलं नाही. म्हणून तयारी अशी: लॅपटॉप वायफायवर, एक फोन दुसऱ्या कंपनीच्या हॉटस्पॉटसह शेजारी, मुलाखत समन्वयकाचा नंबर कागदावर. कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत यावा म्हणून लॅपटॉपखाली एआयआर मॅन्युअलचे दोन खंड ठेवले. त्या खंडांना बऱ्याच वर्षांनी एवढं मानाचं काम मिळालं. खिडकी पाठीमागे असली की चेहरा काळा पडतो, म्हणून टेबल फिरवलं. मग पडद्यात मागचं कपाट दिसायला लागलं आणि त्यातल्या लाल कापडात बांधलेल्या फायलींवर पक्षकारांची नावं ठळक वाचता येत होती! कपाटाला चादर लावली.

पडद्यावर कसं दिसावं आणि वागावं याचे धडे न्यायालयांनीच देऊन ठेवले आहेत. साक्ष व्हिडिओवरून नोंदवता येते हे सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये ठरवलं ते महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या मुंबईच्याच प्रकरणात. अमेरिकेतल्या डॉक्टरची साक्ष इथं कशी घ्यायची हा प्रश्न होता. पुढं ६ एप्रिल २०२० ला, टाळेबंदीत, सर्वोच्च न्यायालयानं देशभरातल्या न्यायालयांना दूरदृश्य सुनावणीचे निर्देश दिले. त्याच वर्षी जूनमध्ये एक वकील टी-शर्ट घालून, पलंगावर पडल्या पडल्या त्या न्यायालयापुढे हजर झाले. माफी मागितल्यावर सुटले. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासच्या एका वकिलाच्या चेहऱ्यावर मांजराचं चित्र चिकटलं आणि ते निघेना, तेव्हा त्यानं न्यायाधीशांना आपण मांजर नसल्याचा खुलासा केला. ती चित्रफीत भाचीला दाखवली. ताण घालवायला तिच्याइतकं गुणकारी औषध नाही.

आणि एक गोष्ट तिला ठाऊक नव्हती, बहुतेक इंटर्नना ठाऊक नसते. सर्वोच्च न्यायालयाचं कामकाज आज आपण घरबसल्या पाहतो ते ज्या याचिकांमुळे, त्यांतली एक स्वप्नील त्रिपाठी या कायद्याच्या विद्यार्थ्याची होती. सोमवारी आणि शुक्रवारी, म्हणजे नव्या प्रकरणांच्या गर्दीच्या दिवशी, इंटर्नना न्यायदालनात येऊ देत नसत. त्यालाच त्यानं आव्हान दिलं. २६ सप्टेंबर २०१८ ला निकाल लागला, थेट प्रक्षेपणाला मान्यता मिळाली. २०२२ च्या सप्टेंबरपासून घटनापीठांचं कामकाज दिसू लागलं. हे प्रक्षेपण भाचीची शिकवणीच झाली. चांगला वकील प्रश्न पूर्ण ऐकतो, उत्तर आधी देतो आणि कारण मागून सांगतो, हे तिनं तिथं बघून उचललं.

सरावाच्या अर्ध्या मुलाखती मी घेतल्या, अर्ध्या माझ्या एका समव्यवसायी मित्रानं घेतल्या, मुद्दाम कॅमेरा बंद ठेवून. काळ्या चौकोनाशी बोलायची सवय लागायला हवी होती. तिचा खरा अडसर इंग्रजी हा नव्हता. पाठ केलेलं इंग्रजी हा होता. डोळे वर जात, आवाज सपाट होई आणि वाक्य संपेपर्यंत तिला आणि आम्हालाही कळत नसे की मुद्दा काय. यावर उपाय ताईनं काढला, नकळत. भाची घरी सराव करत होती तेव्हा ताई मशीनवरून म्हणाली, “मला समजेल असं सांग की.” मग भाचीनं तेच प्रकरण आईला मराठीत सांगितलं. आईनं मध्येच विचारलं, “बहिणींनी सही केली होती का?” तोच कळीचा प्रश्न होता. त्यानंतर नियमच पडला: आधी आईला मराठीत, आई हो म्हणाली की मगच इंग्रजीत. इंग्रजी वाक्यं आपोआप आखूड झाली.

प्रश्नांची तयारी करताना ‘इन्डेम्निटी म्हणजे काय’ हा हमखास विचारला जाणारा प्रश्न आला. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२४ तिनं घडाघडा म्हटलं. मी म्हटलं, खटला सांग. त्यावरचा सर्वांत गाजलेला निवाडा आपल्याच उच्च न्यायालयाचा, १९४२ चा आहे: गजानन मोरेश्वर विरुद्ध मोरेश्वर मदन. मुंबई महापालिकेच्या एका भूखंडाचा मामला. मोरेश्वर मदननं त्यावर बांधकाम काढलं, माल पुरवणाऱ्याचं देणं थकलं आणि गजाननानं मदनच्या सांगण्यावरून भूखंड पाच-पाच हजारांना दोनदा गहाण टाकून दिला. पैसे प्रत्यक्ष खिशातून गेल्याशिवाय गजाननाला भरपाई मागता येईल का? न्या. छागलांनी सांगितलं, देणं पक्कं झालं असेल तर येईल. आधी बुडा आणि मग दाद मागा असं म्हणता येणार नाही. भूखंड, बिल्डर, थकलेलं बिल. नालासोपाऱ्याच्या मुलीला हे समजावून सांगावं लागलं नाही.

मुलाखतीच्या दिवशी पाऊस होता. ठरल्या वेळी दोघंजण पडद्यावर आले, एक भागीदार बाई आणि एक तरुण असोसिएट. असोसिएटचा कॅमेरा शेवटपर्यंत बंदच होता. पाचव्या मिनिटाला वीज गेली, इन्व्हर्टरनं एक शीळ घातली, वायफाय पडलं. भाचीनं हॉटस्पॉट लावला, परत आली आणि “वीज गेली होती, आता फोनवरून बोलते आहे” एवढं सांगून थांबलेल्या वाक्यापासून पुढं सुरू झाली. माफीची लांबण लावली नाही. मी पलीकडच्या खोलीत फाइल उघडून बसले होते. फाइलमधलं एक अक्षर वाचलं नाही.

भागीदार बाईंचं बोट बायोडेटातल्या त्या चार ओळींवर आलं. बहिणींची नावं वगळलेली होती ना? मग २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्तीनं मुलींना जन्मतः सहदायाद हक्क दिला, आणि विनीता शर्मा निकालानं २०२० मध्ये तो पक्का केला. तुम्ही तो मुद्दा घेतला असेलच. प्रश्न सरळ होता आणि त्यात एक खड्डा होता. भाची म्हणाली, नाही, घेतला नाही, कारण ते कुटुंब ख्रिस्ती आहे. त्यांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. तिथं सहदायादी हा प्रकारच नाही. बाप मृत्युपत्र न करता गेला तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलामुलींत समसमान. बहिणींचा हक्क २००५ मध्ये आला नव्हता, तो बापाच्या मृत्यूच्या दिवसापासूनच होता. वसईत राहणाऱ्याला ही गोष्ट वेगळी शिकावी लागत नाही. निर्मळ, गिरीज, पापडी भागातल्या वाड्यांच्या कागदपत्रांत ती पदोपदी भेटते. मुंबईच्या वर्गात मात्र कौटुंबिक कायद्याच्या तासाला ख्रिस्ती वारसा शेवटच्या आठवड्यात उरकून टाकतात.

मग बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “कोणतं गाव? कुटुंबाचं आडनाव काय?” भाची दोन क्षण थांबली. म्हणाली, ते मला सांगता येणार नाही. वकिलाला सांगितलेली गोष्ट गुप्त ठेवण्याचं बंधन वकिलाच्या हाताखालच्या माणसांवरही आहे, भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२. बाई हसल्या की नाही ते मला दिसलं नाही. पण त्यानंतर त्या प्रश्न विचारण्याऐवजी कामाविषयी सांगू लागल्या. शेवटी ‘तुला काही विचारायचंय?’ असं झालं, तेव्हा तिनं इंटर्नकडे मूळ कागदपत्रं वाचायला देतात का एवढंच विचारलं.

चार आठवड्यांसाठी तिला घेतलं.

पुढचं थोडक्यात. विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर. नालासोपाऱ्याहून फर्मच्या लोअर परळच्या कार्यालयात पोचायला रोज सकाळी फास्ट लोकलच्या महिला डब्यात उभं राहायचं, तेही दाराशी जागा मिळाली तर. मानधन मिळालं; ते पास आणि डबा भागवून थोडं उरलं. अनेक ठिकाणी तेही देत नाहीत. बार कौन्सिलनं ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरांत दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपयांच्या किमान विद्यावेतनाची शिफारस केली, पण ती सनद मिळालेल्या कनिष्ठ वकिलांसाठी. इंटर्न त्यात बसत नाही.

दुसऱ्या आठवड्यात तिच्या टेबलावर पालघर जिल्ह्यातल्या जमिनींचा गठ्ठा आला. वाढवण बंदर, बुलेट ट्रेनची विरार आणि बोईसर स्थानकं, मुंबई-वडोदरा महामार्ग. या पट्ट्यात जमिनीचे व्यवहार वाढले आहेत आणि प्रत्येक व्यवहारामागे जुन्या हस्ताक्षरातले फेरफार आहेत. त्या मजल्यावर उत्तम इंग्रजी लिहिणारे पुष्कळ होते. कुळकायद्याची नोंद वाचून ‘ही जमीन परवानगीशिवाय विकता येणार नाही’ किंवा महसूल संहितेच्या कलम ३६अ खाली ‘ही आदिवासी खातेदाराची आहे, आधी वरून परवानगी हवी’ असं बोट ठेवून सांगणारे कमी. तिला वाचायला दिलेले कागद चार आठवड्यांत संपले नाहीत.

माझं मत यावर स्पष्ट आहे. मोठ्या फर्मना वसई-पालघरच्या मुलांची गरज आहे आणि हे त्या फर्मना अजून पुरतं कळलेलं नाही. मुलांनाही कळलेलं नाही. ती आपल्या तालुक्याचं काम बायोडेटाच्या तळाशी लपवतात आणि वर छंद लिहितात. विद्यार्थ्यांनो, तुम्ही कोर्टात, तहसील कचेरीत, सोसायटीच्या भांडणात जे पाहिलं आहे ते वर घ्या, नेमकं लिहा आणि नावं गाळा. अर्ज सहा महिने आधी करा.

आणि एक मागणी वसई-विरार महापालिकेकडे, इथल्या कॉलेजांकडे आणि आमच्या वकील संघटनेकडे. आता मुलाखती पडद्यावर होतात, फक्त कायद्याच्या नाही, सगळ्याच नोकऱ्यांच्या. एका खोलीत पाच माणसं राहतात अशा घरातून त्या देता येत नाहीत. प्रत्येक अभ्यासिकेत आणि ग्रंथालयात दार बंद होणारी एक छोटी खोली ठेवा. तिथं टेबल, खुर्ची, नेटची तार आणि इन्व्हर्टर असू द्या आणि तासाच्या हिशोबानं ती मुलांना नोंदवता येऊ द्या. तोवर माणिकपूरचं माझं कार्यालय दुपारी चारनंतर रिकामं असतं. कपाटावरची चादर मी काढलेली नाही.